‘इस्च्यू’ म्हणजे नुसते टाळणे नव्हे



आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द लिहितात. ज्याची पाळी असेल त्याने तो आणायचा. माझ्या पाळीला मी ताईच्या बारावीच्या पुस्तकातून एक अवघड शब्द काढला. शब्द होता ‘इस्च्यू’.

त्याचे स्पेलिंग ई, एस, सी, एच, ई, डब्ल्यू असे आहे. ‘स्कूल’मध्येही एस, सी, एच आहेत, पण तिथे आपण ‘स्क’ म्हणतो. इथे ‘स्च’ म्हणायचे. शेवट ‘न्यू’ आणि ‘फ्यू’सारखा करायचा.

शब्दकोशात अर्थ दिला होता, टाळणे, वर्ज्य करणे. मी पहिलाच अर्थ वाचला आणि फळ्यावर वाक्य लिहिले, ‘आय इस्च्यू होमवर्क.’ म्हणजे मी गृहपाठ टाळतो. सगळी पोरं हसली. गुरुजीपण हसले. मग म्हणाले, “आरं, तू गृहपाठ वर्ज्य केलाय, का चुकवतोस?”

मी गप्पच बसलो. कारण आदल्या दिवशी पाढ्यांची तोंडी परीक्षा होती आणि मी पोटात दुखतंय म्हणून घरी राहिलो होतो. खरं तर गोठ्यात लपून बसलो होतो.

मग गुरुजींनी फरक समजावून सांगितला. रस्त्यात चिखल असला तर आपण कडेने जातो. मारका बैल दिसला तर लांबून जातो. त्याला इंग्रजीत ‘अव्हॉइड’ म्हणतात. तिथे ‘इस्च्यू’ म्हणत नाहीत. एखादी गोष्ट आपल्याला मिळत असते, करता येत असते, तरी ती बरी नाही असे ठरवून आपण ती करत नाही, तेव्हा ‘इस्च्यू’ म्हणायचे.

आपल्याकडे याची पुष्कळ उदाहरणे आहेत. भूप रागात मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य आहेत. पेटीवर त्यांच्या पट्ट्या असतात, वाजवणाऱ्याला त्यांची भीती नसते. पण भूप वाजवायचा ठरला की त्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. माझी आजी आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत वांगी खात नाही. दारात वांग्याची पाटी आली तरी खात नाही. पण ती ‘वर्ज्य’ म्हणत नाही, “चार महिने वांगं सोडलंय” म्हणते. ‘वर्ज्य’ हा लिहिण्यातला शब्द आहे. ‘इस्च्यू’पण तसाच आहे. तो पुस्तकात, वर्तमानपत्रात, भाषणात येतो. गोट्या खेळताना कोणी म्हणत नाही.

गांधीजी १८८८ साली शिकायला इंग्लंडला निघाले, तेव्हा अठरा वर्षांचे होते. मांस खाणार नाही, दारू पिणार नाही, असे त्यांनी आईला वचन दिले. तिकडे आई बघायला नव्हती. लोक खा म्हणून आग्रह करीत. तरी त्यांनी वचन पाळले. याला ‘इस्च्यू’ शोभतो.

आता वाक्यात कसा वापरायचा ते सांगतो. याच्यापुढे नाम येते, किंवा आय-एन-जी लावलेले क्रियापद येते. ‘टू’ येत नाही. ‘ही इस्च्यूज टोबॅको’ म्हणजे तो तंबाखू वर्ज्य मानतो. भूतकाळात ‘इस्च्यूड’ होते.

शब्दाच्या शेवटी ‘च्यू’ दिसतो. ‘च्यू’ म्हणजे चावणे. पण या दोघांचे काही नाते नाही. ‘इस्च्यू’ जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. ‘शाय’ म्हणजे बुजरा, हा त्याचा लांबचा भाऊबंद आहे.

हे मी घरी सांगितले तेव्हा आण्णा हसले. ते आधी तंबाखू खायचे. आई जवळ असली की खायचे नाहीत, पुडी वळचणीला खोचून ठेवायचे. ते टाळणे होते. मग गेल्या कार्तिकीला त्यांनी गळ्यात माळ घातली आणि पारावर सगळ्यांसमोर सांगितले, “आजपासनं आपण सोडली.” आता कोणी पुडी पुढे केली तर हात जोडतात. आता वळचणीला काही नसते. मी हात घालून बघितले आहे.

तेव्हा मला फरक नीट कळला. चुकवणारा लपतो. वर्ज्य करणारा चारचौघांत सांगतो.

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना गोठ्याचे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “चल, सतराचा म्हण.” मी सातव्या ओळीला अडखळलो, पण सगळा म्हटला. मग फळ्यावरचे माझे वाक्य पुसले आणि नवीन लिहिले, ‘आय इस्च्यू लाइंग.’ म्हणजे मी खोटे बोलणे वर्ज्य केले आहे. हे सगळ्यांसमोर लिहिले आहे, म्हणून आता पाळावे लागणार.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी