मुंबईची विजेची लोकल

सकाळीं डबा घेऊन निघालेला गृहस्थ ठरल्या वेळीं कचेरींत पोहोंचतो, याचें श्रेय आपण त्याच्या घड्याळास देतों. वस्तुतः त्यांतील मोठा वाटा विजेच्या गाडीचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी वाफेची होती. विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. १९२८ सालीं कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज आली.

वीजच कां? लोकलचा प्रवास म्हणजे घडोघडीं थांबणें आणि पुनः निघणें. एक स्टेशन मागें पडतें न पडतें तोंच दुसरें पुढें उभें! वाफेच्या इंजिनास वेग घेण्यास अवधि लागे. विजेच्या लोकलला निराळें इंजिनच नसतें. कांहीं डब्यांच्या खालींच मोटारी बसविलेल्या असल्यामुळें अनेक चाकांना एकदम जोर मिळतो व गाडी झटकन वेग घेते. दोन्ही टोकांस चालकाची खोली असल्यानें परतीच्या वेळीं इंजिन काढून जोडण्याची खटपटही नाहीं.

प्रारंभीं तारेंतून १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहत असे. गाड्या लांबल्या व वाढल्या, तेव्हां तो अपुरा पडूं लागला. म्हणून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्यांत आला. २०१६ सालीं हार्बर मार्गावर हें स्थित्यंतर झालें. दाब अधिक असल्यास तेवढ्याच शक्तीस प्रवाह कमी पुरतो आणि तारेंत व्यर्थ जाणारी वीज वांचते. शिवाय नव्या गाड्यांत ब्रेक लावतांना मोटारीच वीज निर्माण करून तारेंत परत धाडतात. दक्ष गृहिणीस ही काटकसर खचित आवडेल!

एक प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही उरला: उघड्या दारांचा. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी पडून मृत्यु पावले. २५ डिसेंबर २०१७ पासून धांवणाऱ्या वातानुकूलित लोकलचीं दारें आपोआप मिटतात. पण साध्या डब्यांत दारें मिटल्यास गर्दीचा श्वास कोंडेल. म्हणून दारांस झडपा, छतावर वायुवीजन व डब्यांतून डब्यांत जाण्यास वाट, अशी रचना रेल्वे मंत्रालयानें त्या दुर्घटनेनंतर जाहीर केली. शास्त्रानें वेग दिला. आतां सुरक्षितता द्यावयाची आहे. तोंवर घरांतून निघणाऱ्यास एवढेंच सांगावें, कीं एक गाडी चुकली तर दुसरी येते. उशीर झाला तरी चालेल, पण दारांत लोंबकळूं नकोस.