शेतापर्यंत न पोहोचलेली आचारसंहिता
लेखमाला : कपड्यामागची माणसं – लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण शिलाई कारखान्यापर्यंत आलो. ब्रँड पुरवठादाराला आचारसंहिता देतो, तपासनीस येतो, आपत्कालीन दारं उघडून पाहतो, हजेरीपट चाळतो आणि शेरा मारून जातो, हे आपण पाहिलं. आज त्याच वाटेने आणखी मागे जायचं आहे. शिलाईकडून कापडगिरणी, तिथून सूतगिरणी, मग जिनिंग आणि शेवटी पऱ्हाटीचं शेत. यवतमाळ जिल्ह्यात या वाटेचे बरेचसे टप्पे एकमेकांच्या शेजारीच सापडतात. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजीच्या शिवारात कापूस पिकतो, जवळच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि यवतमाळ शहरालगत लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे.

याच जिल्ह्यात २०१७च्या पावसाळ्यात फवारणी करणारी माणसं विषबाधेने दवाखान्यात भरती होऊ लागली. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. हंगाम संपेपर्यंत जिल्ह्यात आठशेच्या वर लोकांना बाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात साठ दिवसांची बंदी घातली आणि मृतांच्या कुटुंबांना दोन लाखांची मदत जाहीर केली.

हे कसं घडलं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. एरवी पंपाची नळी खाली धरून फवारणारा माणूस त्या हंगामात डोक्याच्या वर फवारत होता आणि औषध पानांवरून निथळून त्याच्याच तोंडावर, मानेवर, खांद्यावर पडत होतं. पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या पंपांतून इतका बारीक तुषार निघत होता की तो श्वासाबरोबर आत जात होता. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण फवारणाऱ्याच्या हाती बहुतेकदा डबा येतच नाही, बादलीत कालवलेलं पाणी येतं. मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपामागे ठरते, त्यामुळे थांबलं की कमाई थांबते. दमट उकाड्यात रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घालून दिवसभर चालणं अशक्य होतं. ते साहित्य द्यायचं कोणी, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. असं असताना ‘मजुरांनी काळजी घेतली नाही’ असं म्हणणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

मग ब्रँड कुठे होते? कागदोपत्री, कुठेच नव्हते. ब्रँड कापूस विकत घेत नाही, तयार कपडा घेतो. जिनिंगमध्ये शंभर गावांचा कापूस एकत्र होतो, सूतगिरणीत तो आणखी मिसळतो. अमुक शर्टातला धागा अमुक शिवारातला, हे सांगायची सोयच नव्हती.

ही दरी कमी करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ‘बेटर कॉटन’. आयकिया, एच अँड एम यांसारखे ब्रँड आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली आणि २०१०-११च्या हंगामात तिचा पहिला कापूस भारतासह चार देशांत निघाला. साधारण ३५ शेतकऱ्यांचा एक गट करून त्याला कमी फवारणी, पाणी, माती आणि मजुरांचे हक्क यांचं प्रशिक्षण दिलं जातं. महाराष्ट्रातले हजारो कास्तकार यात आहेत. खर्च वाचला, फवारण्या कमी झाल्या, असे अनुभव शेतकरी सांगतात आणि ते मोलाचे आहेत.

पण या रचनेत दोन उणिवा आहेत. पहिली हिशेबाची. अनेक वर्षं हा कापूस ‘मास बॅलन्स’ पद्धतीने विकला गेला. गिरणीने जितका असा कापूस घेतला, तितक्या वजनाचं श्रेय ब्रँडला मिळतं, प्रत्यक्ष कपड्यात तो कापूस असो वा नसो. धाग्याचा माग काढण्याची सोय २०२३च्या अखेरीस सुरू झाली. दुसरी उणीव माणसांची. गटात नाव असतं शेतकऱ्याचं. सालगडी, फवारणीचा रोजमजूर आणि कमरेला झोळी बांधून किलोवर कापूस वेचणारी बाई यांच्यापर्यंत ते प्रशिक्षण पोहोचेलच असं नाही. आणि सगळ्यांत जास्त धोका त्यांनाच असतो.

नुसत्या प्रमाणपत्राने माणूस वाचत नाही, हे कराचीने दाखवलं. २०१२च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या अली एंटरप्रायझेस कारखान्याच्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार गेले. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला चांगल्या कामकाजाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११३४ जीव गेले, तेव्हा कामगार संघटनांनी ब्रँडकडून बंधनकारक करारावर सही घेतली. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांची, अहवाल जाहीर, दुरुस्तीचा पैसा उभा राहील हे पाहणं ब्रँडचं काम आणि शब्द मोडला तर लवाद. एका ब्रँडला २०१८मध्ये २३ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे तमिळनाडूतल्या दिंडिगलमध्ये एका तरुण दलित कामगार मुलीच्या हत्येनंतर, २०२२ साली, महिलांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने एच अँड एम आणि पुरवठादाराशी असाच करार केला. त्यातून कामगार महिलाच कारखान्यात छळाच्या तक्रारींवर लक्ष ठेवू लागल्या.

या दोन्ही करारांत तीच तीन सूत्रं दिसतात : कायद्याने बांधणारी सही, खिशातून निघणारा पैसा आणि कामगाराचा स्वतःचा आवाज. यवतमाळच्या शेतात यातलं काय आहे? आवाज तर उठला आहे. विषबाधा झालेल्यांनी संघटना बांधली. २०२० साली ५१ कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली आणि पुढे बासेलच्या न्यायालयात दावाही दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. मुद्दा असा की घाटंजी-आर्णीकडचा मजूर युरोपातल्या मुख्यालयाच्या दारापर्यंत जाऊ शकतो. त्याच मजुराच्या कष्टावर उभ्या असलेल्या ब्रँडने त्याच्या दारापर्यंत का येऊ नये?

पैशाचं कारण टिकत नाही. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. एका टी-शर्टला दोनशे ग्रॅम रुई धरली, तर कताईतली घट मिळून सातशे ग्रॅमच्या आसपास कापूस लागतो. २०२५-२६च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ८११० रुपयांनी, त्याची किंमत ५७ रुपये होते. शेतकऱ्याला आणि त्याच्यामार्फत मजुराला किलोमागे १० रुपये जास्त दिले, तरी टी-शर्टमागे वाढतात सात रुपये.

म्हणून मागण्या साध्या आणि ठोस हव्यात. ब्रँडने कापसाची गावं जाहीर करावीत. प्रशिक्षणाच्या नोंदीत मजुरांची नावं असावीत. लाल त्रिकोणाच्या औषधाला पर्याय, अंगावर टिकेल असं संरक्षक साहित्य, हंगामाआधीची रक्ततपासणी आणि तालुक्याच्या दवाखान्यात उताऱ्याचा साठा यांचा खर्च कापूस खरेदीच्या करारातच लिहिलेला असावा. हे पाळलं जातं का, ते पाहणाऱ्या समितीत फवारणाऱ्यांनी आणि वेचणाऱ्या बायांनी निवडलेली माणसं बसावीत. दान म्हणून दिलेली किट हंगामाबरोबर संपतात. करारात लिहिलेला हक्क मागता येतो.

पुढच्या आठवड्यात : जिनिंगच्या आत. रुईची धूळ, हंगामी स्थलांतरित कामगार आणि आगीपासूनची सुरक्षा.