वक्र पडदा

सांगलीस कृष्णेच्या पात्रात, आयर्विन पुलासमोर नाव उभी केली, तर नावेतील माणसास मधल्या कमानी जवळ व रुंद दिसतात. टोकांच्या कमानी मात्र दूर व तिरप्या भासतात. पूल सरळच आहे. पण त्याचे सर्व भाग डोळ्यांपासून सारख्या अंतरावर नाहीत. संगणकावरील खेळांसाठी जो अतिशय रुंद पडदा मिळतो, त्याच्या बाबतीत हीच अडचण येते. म्हणून त्याच्या कडा पाहणाऱ्याकडे वळविलेल्या असतात.

असा पडदा म्हणजे मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा तुकडा होय. त्यावर '१८०० आर' असे लिहिले असल्यास त्या वर्तुळाची त्रिज्या १८०० मिलिमीटर समजावी. आकडा जितका लहान, तितका बाक अधिक. खेळणारा बहुधा वर्तुळाच्या मध्यापेक्षा जवळ बसतो. तरीही सपाट पडद्याहून अंतरांतील फरक कमी होतो. मात्र हा लाभ समोरच्या एकट्याचा! शेजारून डोकावणाऱ्या भावंडास चित्र वाकडेच दिसणार.

शिवाय चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. आडवे २५६० व उभे १४४० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण ३६,८६,४०० ठिपके भरतात. उंची तीच ठेवून रुंदी ३४४० केली, की ते ४९,५३,६०० होतात. हे सारे संगणकास सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा नव्याने रंगवावे लागतात. दुबळ्या संगणकास ते झेपत नाही, आणि खेळातील धावता घोडा अडखळू लागतो. काही खेळ तर एवढ्या रुंदीसाठी रचलेलेच नसतात. त्यांत दोन्ही बाजूंस काळे पट्टे उरतात, आणि जिच्यासाठी पैसे मोजले ती जागा रिकामीच राहते.