चेनसॉची ठिणगी केव्हा पडते?

निफाड-दिंडोरीकडे जुनी द्राक्षबाग काढताना किंवा पावसाळ्यात रस्त्यावर आडवं झालेलं झाड कापताना चेनसॉ लागतोच. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. मिनिटाला 9000 फेरे धरले, तर एक फेरा 7 मिलिसेकंदांच्या आत संपतो. मिश्रण जळायलाही वेळ लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच, साधारण 25 ते 30 अंश अलीकडे, ठिणगी पाडावी लागते.  

चेनसॉवर ठिणगीच्या वेळेचा, म्हणजे टायमिंगचा, स्क्रू शोधू नका, तो बहुधा नसतोच. फ्लायव्हीलमधल्या चुंबकाची जागा टायमिंग ठरवते आणि ती जागा धरून ठेवते एक छोटी चावी. फ्लायव्हीलचा नट सैल राहिला की ही चावी तुटते. मग दोरी ओढताना हाताला उलटा हिसका बसतो, यंत्र कार्ब्युरेटरमधून खोकतं, आणि लोक मात्र प्लग बदलत बसतात.

ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हील यांमधलं अंतर बहुतेक यंत्रांत 0.3 मिलिमीटरच्या आसपास असतं. ते नीट बसवल्यावर ठिणगीचा जोर सुधारतो, टायमिंग फारसं हलत नाही.

काही मेकॅनिक चावी कानशीने घासून फ्लायव्हील दोन-चार अंश सरकवतात. ताकद थोडी वाढते, पण उष्णताही वाढते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाशी एप्रिलच्या उन्हात असला खेळ मला तरी परवडणारा वाटत नाही. पिस्टन भाजला, तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.