क्रेडिट कार्ड नाकारलं? लगेच दुसरा अर्ज टाकू नका!

मित्रांनो, एका बँकेने कार्ड नाकारलं की बरेच जण त्याच आठवड्यात आणखी दोन-तीन बँकांत अर्ज टाकतात. थांबा! प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये नोंदली जाते. उद्या दुकानासाठी कर्ज मागाल, तेव्हा बँक हाच रिपोर्ट उघडणार आहे.

मग किती थांबायचं? साधारण ३ ते ६ महिने. पण नुसतं थांबून काही होत नाही, नकाराचं कारण दूर व्हायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ते लेखी कळवायचं असतं. नसेल कळवलं, तर मागा.

रिपोर्टमध्ये चूक आहे? तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. चूक दुरुस्त झाली की अर्ज करा.

हप्ते थकलेत? आधी ते भरा, मग सहा महिने एकही तारीख चुकवू नका.

धंदा नवीन, उत्पन्नाचा पुरावा नाही? आयटीआर भरायला लागा. तोवर एफडीवर मिळणारं कार्ड वापरा आणि बिल वेळेत भरा.

पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. आज रिपोर्ट काढा, अर्जाचं नंतर बघू!