वाचलेल्या वेळेचा धनी कोण?

सरकारी कचेरीतील रांग आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली होती की, तिची किंमत मोजावी असे फारसे कोणाच्या मनात येत नसे. सातबाऱ्याचा उतारा हवा असेल तर शेतकऱ्याने एस. टी. ने सज्जाचे गाव गाठावे, तलाठी तालुक्याला बैठकीस गेल्याचे ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फेरा घालावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. उताऱ्याची फी नाममात्र असे. पण बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च हिशेबात धरला म्हणजे तो कागद कित्येक पटींनी महाग पडे. अर्थशास्त्रात यालाच व्यवहारखर्च म्हणतात. वस्तूची किंमत म्हणजे तिचा सारा खर्च नव्हे, व्यवहार घडवून आणण्यालाही खर्च पडतो, हा विचार रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली मांडला आणि १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या विचाराचा मोठा वाटा होता.

गेल्या दोन-अडीच दशकांत आपल्याकडे नेमका हाच खर्च झपाट्याने खाली आला आहे. रेल्वेचे तिकीट २००२ पासून घरबसल्या काढता येऊ लागले. दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचे पटवून देण्यासाठी बँकेत जाणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांना २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ची सोय मिळाली. गुणपत्रिका व परवाने जपून ठेवणारे ‘डिजिलॉकर’ २०१५ मध्ये आले, तर भाजीवाल्यालाही मोबाइलवरून पैसे चुकते करता येतील अशी यूपीआयची व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. या सोयींना नाके मुरडणाऱ्याने रांगेत कधी दिवस घालविलेला नसावा. वेळ हे गरिबाचेही भांडवल आहे. किंबहुना पुष्कळदा त्याच्यापाशी तेवढेच असते.

तथापि, सोय झाली एवढे म्हणून थांबता येत नाही. वाचलेला वेळ खरोखर वाचला, की तो दुसऱ्या कोणाच्या पदरातून काढून घेतला गेला, हा पहिला प्रश्न आहे. आणि तो ज्याचा वाचला त्याच्याकडेच राहिला का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्व साधनांच्या बाबतीत सारखे नाही. एकाने सातबारा उतरवून घेतल्याने दुसऱ्याचा सातबारा कमी होत नाही. येथे एकाची सोय कोणाचीही गैरसोय न करता होते. पण जेथे वस्तूच मोजकी असते, तेथे चतुर साधनामुळे वस्तू वाढत नाही, रांगेतील क्रम तेवढा बदलतो. मे २०२१ मध्ये याचा अनुभव साऱ्या देशाला आला. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाच्या लसीकरणासाठी त्या महिन्याच्या आरंभी ‘कोविन’वर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. संगणक जाणणाऱ्या तरुणांनी जागा रिकामी होताच सूचना देणारी साधने तयार केली. पुणे-मुंबईची मंडळी आडगावच्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली आणि त्याच गावचे रहिवासी बाहेर ताटकळत राहिले. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवले. ती साधने करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे लसीची एकही कुपी वाढली नाही. तत्काळ तिकिटांची गोष्ट याहून निराळी नाही. दलालांच्या यांत्रिक आरक्षणाला आळा घालण्यासाठी जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी आवश्यक करावी लागली. टंचाईवरचा उपाय म्हणजे पुरवठा वाढविणे. आडवाट हा तो उपाय नव्हे.

दुसरा प्रश्न शिक्षक आणि कारकून यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दाखवून दिली. सुधारलेल्या वाफेच्या यंत्राला तेवढ्याच कामासाठी कोळसा कमी लागतो. पण त्यामुळे वाफेची शक्ती स्वस्त होते, तिचा वापर वाढतो आणि देशाचा एकूण कोळसा उलट जास्तच जळतो. माहितीचेही असेच झाले आहे. परिपत्रक टंकलिखित करून, त्याच्या प्रती काढून टपालाने धाडावयाच्या काळात माहिती मागविणाऱ्यालाही कष्ट पडत. म्हणून मागणी बेताची असे. आता मागणाऱ्याला काहीच खर्च पडत नाही. रात्री संदेश यावा आणि सकाळी अकरापर्यंत तक्ता भरून पाठवावा, हे नित्याचे होऊन बसले आहे. पोषण आहाराची रोजची पटसंख्या, यू-डायसवरील विद्यार्थ्यांची माहिती, प्रशिक्षणाच्या नोंदी, छायाचित्रे यांत हजेरीपटाने वाचविलेली दहा मिनिटे केव्हाच बुडून जातात. शिवाय अनेक ठिकाणी कागदी नोंदवही बंद झालेलीच नाही. तीच नोंद वहीत एकदा आणि संगणकावर एकदा अशी दोनदा होते.

विद्यार्थ्याचीही यातून सुटका नाही. पूर्वी अर्ज तपासण्याचे काम कारकून करी. आता तो भरणे, कागद चढविणे आणि चूक निघाल्यास पुन्हा भरणे हे सारे अर्जदारावर आले आहे. दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्तात्रेय’ असे असेल, तर ती एकच व्यक्ती हे कोणाही कारकुनाला कळते. यंत्राला कळत नाही. शिष्यवृत्ती त्या एका मात्रेवर अडू शकते. ज्याच्या घरी संगणक नाही तो मग नेट कॅफेची पायरी चढतो आणि अर्जामागे पैसे मोजतो. रांग नाहीशी झाली असे सरकारदप्तरी दिसते. वास्तविक ती कचेरीसमोरून उठून बाजारपेठेतील दुकानापुढे गेली आहे. तेथे वेळेबरोबर दामही द्यावे लागतात, एवढाच फरक.

याचा अर्थ यंत्रे बंद करावीत असा नाही. पण काही पथ्ये पाळली गेली पाहिजेत. ऑनलाइन मार्ग हा पर्याय असावा, सक्ती नसावी. ज्याला तो जमत नाही त्याच्यासाठी एक खिडकी आणि तिच्यामागे एक माणूस राहिलाच पाहिजे. जी माहिती शासनाच्या एका खात्यापाशी आहे ती दुसऱ्या खात्याने नागरिकाकडे पुन्हा मागू नये. आणि कोणताही नवा तक्ता भरण्याचा आदेश काढण्यापूर्वी तो भरण्यास किती माणसांचे किती तास लागतील, हे आदेश काढणाऱ्याने त्याच आदेशात नमूद करावे. पैसा खर्च करावयाचा असेल तर वित्त विभागाची मंजुरी लागते. हजारो शिक्षकांचा वेळ खर्च करण्यास मात्र कोणाचीच लागत नाही.

महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर घातले. ती सेवा पदरात पडेपर्यंत नागरिकाने आपले किती तास ओतले, याची मोजदाद अद्याप होत नाही. ती होऊ लागेल तेव्हाच कोणती सोय खरी आणि कोणता केवळ ओझ्याचा खांदेपालट, हे उमगेल. तोवर यंत्राने वाचविलेल्या वेळेवर, तो ज्याचा वाचला त्यापेक्षा, तो मागून घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याचीच मालकी राहणार.