पैसे घ्यायला पिन लागत नाही

घरातली जुनी सायकल किंवा सोफा ऑनलाइन विकायला काढला की कधीकधी एक फार घाईतलं गिऱ्हाईक भेटतं. ते भाव करत नाही, वस्तू बघायलाही येत नाही. आपण लष्करात आहोत, अचानक बदली झाली आहे, असं सांगतं आणि ॲडव्हान्स म्हणून एक क्यूआर कोड पाठवतं. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे लगेच खात्यात येतील." चांगली शिकलेली, उभं आयुष्य नोकरीत हिशेब सांभाळलेली माणसं इथे पिन टाकतात. त्यांना भोळं म्हणणं मला पटत नाही. बँकेचं कुठलंच काम सहीशिवाय होत नाही ही त्यांची जुनी सवय, आणि पिन म्हणजे सही हे त्यांनी बरोबरच ओळखलेलं असतं. फक्त ही सही चेकवरची आहे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, खात्यातली शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना तो कधीच लागत नाही.

पिन टाकायचं पान एकदा नीट न्याहाळून बघा. वर आपल्या बँकेचं नाव, त्याखाली पैसे कोणाला चाललेत त्याचं नाव आणि रक्कम, आणि मग चार किंवा सहा अंकांची जागा. हे पान आपल्या ॲपचं नसतं. यूपीआय बांधणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं सगळ्या ॲपना दिलेल्या कोडमधून ते उघडतं. टाकलेला पिन फोनमध्येच कुलूपबंद होऊन बँकेकडे जातो; फोनपेला किंवा गुगल पेला तो दिसत नाही. त्या पानावर रक्कम आणि समोरच्याचं नाव दिसतंय, म्हणजे पैसे आपल्याकडून निघाले आहेत. असा पिन टाकायला लावून फसवण्याचे प्रकार इतके वाढले, की एका व्यक्तीनं दुसरीकडे ॲपमधून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली गेली. क्यूआरचा सापळा मात्र अजून आहे. नुसता कोड स्कॅन केला म्हणून पैसे जात नाहीत, कारण त्या चौकटीत पैसे घेणाऱ्याचा पत्ता, नाव आणि कधी रक्कम, एवढंच असतं. पैसे जातात ते पिन टाकल्यावर.

बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पैसे ॲपमध्ये असतात ही समजूत. यूपीआय ना फोनपेचं, ना गुगलचं. रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेनं २००८ मध्ये उभ्या केलेल्या एनपीसीआयनं ते बांधलं. तिचं मुख्यालय मुंबईत आहे. रघुराम राजन गव्हर्नर असताना, एप्रिल २०१६ मध्ये, २१ बँकांना घेऊन त्याची सुरुवातही मुंबईतच झाली. ॲप फक्त निरोप पोचवतं, पैसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातो. म्हणून ॲप काढून टाकलं तरी खात्यातला रुपयाही हलत नाही, आणि आज एक ॲप, उद्या दुसरं वापरलं तरी खातं तेच राहतं. अपवाद यूपीआय लाइटचा. तिथे पाच हजारांपर्यंतची रक्कम बाजूला काढून ठेवता येते आणि हजारापर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात. दूध, रिक्षा, वडापाव यांसाठी ती उत्तम सोय आहे, पण फोन बदलण्याआधी लाइट बंद करून ती रक्कम खात्यात परत घ्यावी. फोन हरवला तर बँकेला कळवण्याबरोबर सिमही ताबडतोब बंद करून घ्या. ॲप आपल्याला ओळखतं ते त्या सिमवरून.

"पैसे कापले गेले, समोर पोचले नाहीत, आता बुडाले" ही भीतीही अशीच. २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, व्यक्तीला पाठवलेली रक्कम अडकली तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. तेवढा धीर धरावा. घाबरून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नये. तिथे भामटे आपलेच नंबर पेरून ठेवतात. तक्रार ॲपमधल्या त्या व्यवहारावरच नोंदवता येते. मात्र आपण स्वतःच चुकीच्या नंबरवर पाठवलेले पैसे बँक परस्पर उलटे फिरवू शकत नाही, ज्याला मिळाले त्याची संमती लागते. पिन टाकण्याआधी नाव वाचायला दोन सेकंद लागतात, ती द्यावीत.

भाजीच्या गाडीवर उलटाच धोका असतो. संध्याकाळच्या गर्दीत कोणी "पाठवले बघा, मावशी" म्हणत फोन समोर धरतं. हिरवी खूण, रक्कम, सगळं जागेवर. पण तसं हुबेहूब चित्र बनवणारी खोटी ॲप आहेत. गाडीवरचा बोलका डबा बोलतो तो स्वतःच्या सिमवरून, सर्व्हरनं पैसे जमा झाल्याचं कळवल्यावर. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि तो गप्प असेल तर स्वतःच्या फोनवर जमा बघावी. असं विचारलेलं गिऱ्हाइकानंही मनाला लावून घेऊ नये.

यूपीआयवर दोन हजारांपुढच्या व्यवहाराला कर लागतो ही अफवा अधूनमधून उठते. २०२३ मध्ये आलेलं १.१ टक्क्यापर्यंतचं शुल्क वॉलेटमधून दुकानदाराला होणाऱ्या दोन हजारांवरच्या व्यवहारांपुरतं होतं आणि तेही ग्राहकाकडून घ्यायचं नव्हतं. २०२५ मध्ये जीएसटीची आवई उठली, तीही अर्थ मंत्रालयानं फेटाळली.

आणि स्मार्टफोन नसेल तर? साध्या बटणांच्या फोनवरून *९९# लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात, आणि मार्च २०२२ पासून १२३पे ही फोन लावून व्यवहार करण्याची सोयही आहे. गावाकडच्या आजी-आजोबांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

फसवणूक झालीच, तर माणसं आधी लाजतात. घरात सांगावं की नाही यात रात्र जाते, आणि तेवढ्या वेळात ती रक्कम खात्याखात्यांतून फिरून एटीएममधून काढली जाते. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक त्यासाठीच आहे. तक्रार लवकर पोचली तर रक्कम वाटेतल्या खात्यात गोठवता येते. फोन लावताना व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. तो ॲपच्या इतिहासात आणि बँकेच्या मेसेजमध्ये सापडतो.